अकरा झेलांचा गडी

आधी तो मोबाइल घरी ठेवा. आपण निघालोय तिथे त्याचा काही उपयोग नाही. त्याऐवजी जाड लोकरी कोट अंगात चढवा, मफलर गुंडाळा आणि खिशात एक छोटी वही, दोन पेन्सिली ठेवा. शाई थंडीत दगा देईल.

झालं? मग चला. 1960 च्या शरदातला शनिवार आहे, गाव पिट्सबर्ग, आणि तुमच्या पुढ्यात एक उभी चढण आहे. विद्यापीठातली पोरं तिला ‘कार्डिअ‍ॅक हिल’ म्हणतात. का, ते निम्म्या वाटेत तुमची छातीच सांगते. धाप लागली की नदीकाठच्या पोलाद कारखान्यांचा धूर नाकातोंडात जातो आणि त्याचा जळका वास घशाला चिकटून बसतो. तुमच्या पुढेमागे माणसंच माणसं. कुणाच्या कोटाला नॅप्थलीनचा वास, कुणाच्या हातात गरम शेंगांची पुडी. वरून बँडचा ढोल ऐकू येतोय. अजून चढायचंय.

आज तुम्ही प्रेक्षक नाही. एका व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाने तुम्हाला पाठवलंय. महाविद्यालयीन मोसम संपला की हे संघ खेळाडू निवडायला बसतील, आणि तुम्हाला त्यांच्यासाठी ‘एंड’ पारखायचा आहे. म्हणजे आघाडीच्या रांगेच्या टोकाला, टॅकल या रांगेतल्या गड्याला खेटून उभा राहणारा खेळाडू. त्याचं पहिलं काम समोरच्याला अडवून आपल्या धावणाऱ्यासाठी वाट काढणं. दुसरं काम, जमलंच तर, त्या गर्दीतून निसटून पुढे जाणं आणि चेंडू झेलणं. आज आपण त्याला टाइट एंड म्हणतो.

बसा इथे, लाकडी बाकावर. गारवा थेट हाडांत शिरतोय. बूट हलवले की शेंगांची टरफलं कुरकुरतात. शेजारचे काका सिगार ओढताहेत, धूर तुमच्याच तोंडावर. आता मैदानावर 89 नंबर शोधा. सापडला? मान जवळजवळ नाहीच, खांद्यांवर सरळ डोकं. हा माइक डिट्का. पोलादाच्या गावातला, अलिक्विपाचा. वडील कारखान्याच्या रेल्वेवर काम करतात. पोरगा या विद्यापीठात आला तो दंतवैद्य व्हायचं म्हणून.

चेंडू सुटला. पाहिलंत? प्लास्टिकवर प्लास्टिक आदळल्याचा खाडकन आवाज वरच्या रांगेपर्यंत पोचला. समोरचा उताणा पडलाय आणि 89 त्याला ओलांडून पुढच्याकडे धावतोय. टाचा उखडतात तिथून ओल्या मातीची ढेकळं उडताहेत. लिहा वहीत: पाय थांबत नाहीत.

आता पिटची, म्हणजे पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संघाची, पाळी संपली, चेंडू दुसऱ्या संघाकडे गेला. तरी 89 बाहेर येत नाही! नियमच तसे आहेत. खेळाडू मनाला येईल तेव्हा बदलता येत नाहीत, म्हणून चढाईत खेळलेलाच बचावालाही उभा राहतो. वर पिटला चेंडू लांब लाथाडायची वेळ आली की तेही यालाच करावं लागतं. अख्खी दुपार हा माणूस मैदान सोडत नाही. त्याच्या पाठीतून थंडीत वाफ निघताना दिसते.

आणि झेल? तिथेच तुमची पेन्सिल अडते. आजच्या आज तुम्हाला एखादा दिसेल, फार तर दोन. पूर्ण मोसमात, दहा सामन्यांत, त्याचे झेल भरतील 11. तीन वर्षांचे मिळून 45. पिटचा संघ चेंडू घेऊन धावण्यावर जगतो. फेकायचा तो नाइलाजाने. मग याचे हात कसे आहेत हे तुम्ही ठरवणार कशावरून?

चला, आता एका अंधाऱ्या खोलीत. खिडक्यांना पडदे, प्रोजेक्टरच्या दिव्यावर तापलेल्या धुळीचा वास, रिळाची टकटक. थंडीतून आल्यावर इथली ऊब बरी वाटते, पण दहाव्या मिनिटाला डोळे चुरचुरू लागतात. पडद्यावर सगळं करडं: गवत करडं, चेंडू करडा, नंबर तर दिसतच नाहीत. तेच चार सेकंद पुढे, मागे, पुन्हा पुढे.

हा बघा, लॉस एंजेलिसचा मार्लिन मॅकीव्हर. साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात हा आणि जुळा भाऊ माइक एकाच संघात खेळतात. मार्लिन एंडला खेळतो, फुलबॅक म्हणून चेंडू घेऊन धावतो, बचावातही धडका देतो. उंचीला डिट्कापेक्षा थोडा कमी, पण रुंद, आणि सुटला की थांबवणं कठीण. रीळ बदला. हा डेट्रॉइटचा फ्रेड अर्बानस, मिशिगन स्टेटचा. याची धडक शांत असते. पाय नेमके पडतात, खांदा नेमका लागतो, आणि धावणाऱ्याची वाट मोकळी झालेली दिसते. तिघंही शंभर किलोंच्या आसपास. तिघंही दोन्हीकडून खेळणारे.

आता टेबलावरचं टपाल चाळा. संघांनी ठिकठिकाणच्या प्रशिक्षकांना छापील प्रश्नावल्या पाठवल्यात: वेग किती, वजन किती, दुखापती कोणत्या, स्वभाव कसा. उत्तरं वाचली की स्थळाची चौकशी आठवेल. मुलगा गुणी आहे, कष्टाळू आहे, घरचे चांगले आहेत! सगळीच मुलं गुणी. तुमच्या हाती उरतं काय, तर थंडीत दिसलेली ती एक दुपार, करडी रिळं, आणि तुमचं मन.

चला फिलाडेल्फियाला. नाताळ नुकताच झालाय, दुकानांच्या काचांत अजून रोषणाई आहे. काल दुपारी इथल्या फ्रँकलिन फील्डवर 67,325 माणसांसमोर इथल्याच ईगल्सनी पॅकर्सना 17-13 ने हरवून व्यावसायिक लीगचं विजेतेपद मिळवलं. आज शहराचा घसा बसलाय. हॉर्न अँड हार्डार्टच्या उपाहारगृहात शिरा, नाणं टाका, कप नळाखाली धरा. वाफाळती कॉफी येते. शेजारच्या टेबलावर चर्चा एकच: ईगल्सच्या पस्तिशीतल्या चक बेडनारिकने चढाई आणि बचाव दोन्हीकडे खेळून शेवटच्या क्षणी पॅकर्सच्या जिम टेलरला कसं जमिनीवर दाबून धरलं. कप संपवा, उशीर होतोय.

वॉरिक हॉटेल. संघ खेळाडू निवडायला बसलेत ते इथेच. आत ना कॅमेरे, ना आरोळ्या मारणारे चाहते, ना सूटबूट घालून वाट पाहणारे खेळाडू. ज्यांची नावं पुकारली जाणार ते आपापल्या गावी आहेत, काही तर झोपेतही असतील. खोलीत चौदा संघांची माणसं, टेलिफोन, कागदांचे गठ्ठे, भरलेल्या राखदाण्या आणि छताला टेकलेला सिगारचा धूर. डोळ्यांतून पाणी येतंय ना? सवय करा. वीस फेऱ्या आहेत, 280 नावं. पुढे लीगचे कमिशनर पीट रोझेल, वय अवघं 34.

एक विनंती. तुम्हाला पुढचं सगळं ठाऊक आहे. ओठ घट्ट मिटून ठेवा.

नव्याने जन्मलेले व्हायकिंग्ज पहिलं नाव घेतात: टॉमी मेसन. मग वॉशिंग्टनची दोन नावं. चौथा नंबर रॅम्सचा. तुमचे तळहात ओले झालेत. मार्लिन मॅकीव्हर! तुमच्या तिघांपैकी एक गेला. पाचवा नंबर शिकागो बेअर्सचा. पासष्ट वर्षांचे जॉर्ज हालास, संघाचे मालकही तेच आणि प्रशिक्षकही तेच. नाव येतं: माइक डिट्का.

या पोराकडे पाहून अनेकांना बचावातला लाइनबॅकर दिसत होता. चूक म्हणता येणार नाही. तुमच्या वहीतही बचावाचीच पानं जास्त भरलीत. हालास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र वेगळा हिशेब केला. एवढ्या ताकदीचा गडी रांगेत टॅकलपासून जरा लांब उभा केला, निसटायला त्याला वाट दिली आणि चेंडू मुद्दाम त्याच्याकडे फेकला, तर त्याला पाडणार कोण?

उत्तर पुढच्याच मोसमात मिळालं. 56 झेल, 1,076 यार्ड, 12 टचडाउन. महाविद्यालयात तीन वर्षांत जेवढे चेंडू झेलले, त्याहून जास्त एका वर्षात. 1988 मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला टाइट एंड तोच. मॅकीव्हर बरीच वर्षं खेळला, कधी लाइनबॅकर, कधी टाइट एंड. दुसऱ्या फेरीत सेंट लुईसने घेतलेला अर्बानस प्रतिस्पर्धी लीगमध्ये गेला, एका डोळ्याची दृष्टी गेल्यावरही खेळत राहिला आणि कॅन्सस सिटीकडून सुपर बोल जिंकला. तिघांपैकी कुणालाही निवडणारा फसला नाही.

वॉरिकच्या त्याच खोलीत डॅलस संघाच्या टेबलाशी त्यांचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम बसलेत. अंदाजावर चाललेला हा कारभार त्यांना खटकतो. थोड्याच वर्षांत ते आयबीएमच्या एका उपकंपनीत काम करणाऱ्या सलाम कुरेशी या भारतीय संख्याशास्त्रज्ञाला गाठतील. क्रिकेट जाणणारा आणि अमेरिकन फुटबॉल न पाहिलेला हा माणूस खेळाडूंचे गुण आकड्यांत बसवून संगणकाला शिकवील. आजच्या मोजमापांच्या डोंगराची ती पहिली पायरी.

आता परत या, कोट काढा, आणि यंदाच्या टाइट एंडांची यादी उघडा. चाळीस यार्डांचा वेग, हाताची लांबी, उडी, झेल, सगळं मांडलेलं असेल. ते जरूर वाचा. तुमच्या पेन्सिलीला मिळालं नाही इतकं त्यात आहे. पण एखाद्याच्या नावापुढे झेलांचा आकडा छोटा दिसला, तर त्याला खोडण्याआधी त्याच्या संघाने त्याच्याकडे चेंडू किती वेळा फेकला ते विचारा. ते 11 झेल डिट्काच्या हातांची मर्यादा नव्हतीच. ती त्याच्या संघाच्या खेळाची होती, आणि हे ओळखणारा माणूस त्या धुरकट खोलीत पाचव्या नंबरावर बसला होता.