हाताला दिसणारा पट

 

आज आपण खेळाच्या इतिहासावर बोलू. तुम्ही म्हणाल, खेळाचा कसला इतिहास? पण हा विषय आम्हाला आमच्याच एका चुकीमुळं सुचला.

नागपंचमीला आम्ही साऱ्या जमलो होतो. झोके झाले, फुगड्या झाल्या, मग ओसरीवर कवड्यांचा पट मांडला. आमच्यातल्या एकीच्या लेकीला दिसत नाही. ती म्हणाली, "मला पण घ्या." आम्ही म्हणालो, "तू बस बाळा, तू गाणं म्हण." तिनं गाणं म्हटलं. घरी गेल्यावर मात्र आईला म्हणाली, "कवड्या तर बोटांनी पण मोजता येतात की."

खरंच होतं तिचं. कवडी उताणी पडली की पालथी, हे बोटाला कळतं. मग अडलं कशानं? अडलं आमच्या समजुतीनं. आम्ही ठरवलं, हा प्रश्न याआधी कुणी कसा सोडवला ते पाहू.

सुरुवात अक्षरांपासून झाली. फ्रान्समधल्या लुई ब्रेलच्या डोळ्याला लहानपणी वडिलांच्या चामडं शिवायच्या हत्याराची इजा झाली आणि त्याची दृष्टी गेली. त्यानंच पुढं पंधराव्या वर्षी, १८२४ साली, बोटांनी वाचायची ठिपक्यांची लिपी तयार केली. आपल्याकडं १९०० साली, दुष्काळाच्या दिवसांत, अ‍ॅना मिलर्ड यांनी मुंबईत अंध मुलांची शाळा काढली. तीच आजची दादरची कमला मेहता अंध शाळा. १९५१ साली आपल्या साऱ्या भाषांसाठी मिळून भारती ब्रेल ठरली. अक्षरं अशी बोटांखाली आली. मग खेळ का येऊ नये?

बुद्धिबळाचं उदाहरण घ्या. या खेळात एक कडक नियम आहे. सोंगटीला हात लावला की ती हलवलीच पाहिजे. आता सांगा, ज्याला दिसत नाही त्यानं पट पाहायचा कसा? त्याचा हात हाच त्याचा डोळा. हात लावायची बंदी म्हणजे त्याला डोळे मिटून बसायला सांगणं.

यावर जो तोडगा निघाला तो ऐकण्यासारखा आहे. अंधांच्या पटावर काळी घरं थोडी उंच असतात. प्रत्येक घराच्या मधोमध भोक असतं आणि सोंगटीला खाली खुंटी. सोंगट्या भोकात रोवलेल्या असतात, चाचपताना पडत नाहीत. काळ्या सोंगट्यांवर वेगळी खूण असते. आणि नियम असा झाला : सोंगटी भोकातून उपसली, तरच हात लावला असं धरायचं. नुसतं चाचपणं म्हणजे पाहणं. चाल तोंडानं मोठ्यानं सांगायची. 'बी' आणि 'डी' ऐकायला सारखे, म्हणून उभ्या ओळींना अ‍ॅना, बेला, सीझर, डेव्हिड अशी नावंच दिली.

बायांनो, यात खेळ कुठं सोपा झाला? घोडा अडीच घरंच चालतो, राजा अडकला की डाव संपतोच. वाट तेवढी मोकळी झाली. अंध खेळाडूंचं पहिलं जागतिक ऑलिम्पियाड १९६१ साली जर्मनीत मेशेड गावी भरलं.

आपल्या महाराष्ट्रात हे काम पुढं नेलं चारुदत्त जाधव यांनी. शाळकरी वयात त्यांची दृष्टी गेली. ते बुद्धिबळ शिकले, देशभरातल्या अंध खेळाडूंची संघटना बांधली आणि चाली बोलून दाखवणारं संगणकावरचं बुद्धिबळही आणलं. २०२३ साली चीनमधल्या हांगझोऊ इथं आशियाई पॅरा स्पर्धा झाल्या. तिथं बडोद्याच्या दर्पण इनानी यांनी बुद्धिबळात सुवर्णपदक मिळवलं. अंध मुलींच्या संघानंही कांस्यपदक आणलं.

दार बंद असणं काय असतं, हे आपल्याला सांगायला नको. १९७६ साली मुंबईची शाळकरी रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरली, तेव्हा तिच्या खेळण्याला हरकत घेतली गेली. प्रकरण जागतिक संघटनेपर्यंत गेलं. निकाल लागला : बाईला अडवता येणार नाही.

आता आपली लेकरं मोबाइलवर खेळतात. काहींत तर अख्खं मायावी राज्य असतं. हवं तिकडं भटकावं, डोंगर चढावा, राक्षसाशी लढावं. ज्या मुलाला घराबाहेर पडणं अवघड, त्याला या भटकंतीचं मोल जास्त. तिथंही हाच प्रश्न आला. ज्याची बोटं चालत नाहीत, त्यानं बारीक बटणं दाबायची कशी? २०१८ साली मायक्रोसॉफ्टनं मोठ्या बटणांचं यंत्र काढलं, त्याला पायानं किंवा डोक्यानं दाबायची बटणं जोडता येतात. २०२० साली 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' या खेळात साठाहून जास्त सोयी दिल्या. अंध खेळाडूसुद्धा आवाजाच्या खुणेनं तो खेळ शेवटपर्यंत नेऊ शकतो.

हे लांबचं वाटतं का? आपल्या पूर्णा जंक्शनवर गाडीची घोषणा होते, ती दिसणाऱ्याला आणि न दिसणाऱ्याला सारखीच उपयोगी पडते ना? तुमच्या हातातल्या मोबाइलमध्येही 'टॉकबॅक' नावाची सोय असते. ती सुरू केली की फोन पडद्यावरचं वाचून दाखवतो. त्याचे पैसे पडत नाहीत. आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा खेळाबद्दलही बोलतो. दिव्यांगांना खेळता यावं यासाठी सोयी करणं हे सरकारचं काम आहे, असं त्यात लिहिलं आहे.

पण ओसरीवरचा पट सरकार बदलणार नाही. तो आम्ही बदलला. गटातल्या एकीनं जुन्या कापडावर जाड दोऱ्यानं घरांच्या रेघा शिवल्या. चार रंगांच्या सोंगट्या बोटाला ओळखू याव्यात म्हणून एकीला दोरा गुंडाळला, एकीला खाच पाडली, एकीवर मेणाचा ठिपका दिला, एक तशीच ठेवली. आणि प्रत्येकीनं आपलं दान मोठ्यानं सांगायचं ठरवलं.

संक्रांतीला ती लेक खेळायला बसली. पहिला डाव हरली. आमच्यावरच रागावली, म्हणाली, "तुम्ही दान पुटपुटता, नीट सांगत नाही." दुसऱ्या डावाला आम्ही नीट सांगितलं.

बायांनो, पुढच्या बैठकीत हिशेब झाला की एक विचारा : आपल्या गल्लीत कोण बाजूला बसून गाणं म्हणतंय? आणि काय करावं, हे तिलाच विचारा. आम्हाला ते तिनंच सांगितलं होतं. आम्ही उशिरा ऐकलं.