‘आज बसायचं का?’ : क्वार्टर बार म्हणजे नक्की काय आणि तो आला कुठून?

मराठीत ‘दारू प्यायला जाऊ’ असं सरळ कुणी म्हणत नाही. मित्राचा मेसेज येतो तो एवढाच: ‘आज बसायचं का?’ समोरच्यालाही कुठे, कशासाठी, असं विचारावं लागत नाही. नाक्यावरचा तोच बार, तेच टेबल, तोच वेटर.

या एका शब्दातच क्वार्टर बारचं सगळं गणित आहे. दारू वाइन शॉपवर स्वस्त मिळते. बारमध्ये जास्तीचे पैसे मोजायचे ते बसण्याचे. दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसं राहतात त्या शहरात बसायला जागा मिळणं ही छोटी गोष्ट नाही.

पण हा बार आला कुठून? त्याला ‘परमिट रूम’ का म्हणतात? आणि तो महागला तर काय बिघडतं? एकेक करून बघू.

क्वार्टर बार कशाला म्हणायचं?

कायद्यात ‘क्वार्टर बार’ असा शब्द नाही. तो लोकांनी दिलेला आहे. जिथे पेगऐवजी १८० मिलीची छोटी बाटली, म्हणजे क्वार्टर, थेट टेबलावर येते तो क्वार्टर बार. सोबत सोडा, पाणी, बर्फ आणि वाटीभर चखणा. मंद दिवे, सनमायकाची टेबलं, भिंतीवरच्या टीव्हीवर क्रिकेट. संगीत नसलं तरी चालतं, गप्पा मात्र ऐकू आल्या पाहिजेत.

मुंबईत अशी काही नावं शहरभर माहीत आहेत. कुलाब्यात ताजच्या मागे ‘गोकुळ’, धोबी तलावला ‘सनलाइट’, वांद्र्यात पाली नाक्याला ‘जनता’. तिथे कॉलेजची पोरं, बँकेतले कारकून आणि जाहिरात कंपन्यांतली मंडळी शेजारशेजारच्या टेबलांवर बसलेली दिसतात. बाकी हजारो बार असे आहेत, ज्यांचं नाव त्यांच्या गल्लीबाहेर कुणाला ठाऊक नसतं.

दारू विकण्याच्या परवान्यांचे प्रकार वेगवेगळे आहेत. ढोबळमानाने हे तीन लक्षात ठेवा:

- एफएल-२ : वाइन शॉप. सीलबंद बाटली घ्या आणि निघा. तिथे प्यायची परवानगी नाही.
- एफएल-३ : परमिट रूम. इथे बसून पिता येतं, जेवण मिळतं.
- सीएल-३ : देशी दारूचं दुकान. ‘संत्रा’ मिळतो तो इथे.

आपला क्वार्टर बार बहुतेक वेळा एफएल-३ असतो. ‘एफएल’ म्हणजे फॉरेन लिकर, विदेशी मद्य. गंमत म्हणजे या विदेशी मद्यातलं बहुतेक सगळं भारतातच बनतं, आणि बऱ्याच स्वस्त ब्रँडचं स्पिरिट उसाच्या मळीपासून काढलेलं असतं.

‘परमिट रूम’ हे नाव कुठून आलं?

हे नाव दारूबंदीतून आलं. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात ‘मुंबई दारूबंदी कायदा, १९४९’ लागू झाला. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते आणि मोरारजी देसाई गृहमंत्री. मोरारजींनी दारूबंदी फार कडक राबवली. दारू पिणं, बाळगणं, विकणं हे सगळं गुन्हा ठरलं.

या कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं. १९५१ मध्ये ‘मुंबई राज्य विरुद्ध बलसारा’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बराचसा भाग कायम ठेवला. अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी मात्र रद्द केली.

बंदी आली म्हणून पिणं थांबलं नाही. ते लपलं. खाडीकाठी हातभट्ट्या लागल्या आणि गल्लीबोळांत ‘आंटीचे अड्डे’ सुरू झाले. घरातल्याच एका खोलीत बाकडी टाकायची, ग्लासात हातभट्टीची ओतायची, सोबत उकडलेलं अंडं नाहीतर मीठ लावलेले चणे. आजच्या चखण्याचा एक धागा तिथपर्यंत जातो.

पुढे सरकारने नियम सैल केले. सुरुवातीला ‘तब्येतीसाठी दारू आवश्यक’ असा डॉक्टरचा दाखला आणून परमिट काढावं लागे. हळूहळू परमिट मिळणं सोपं होत गेलं. परमिटधारकांनी बसून प्यावं म्हणून हॉटेलांमध्ये वेगळी खोली ठेवण्यात आली. तीच ‘परमिट रूम’. मुंबईत हा धंदा मोठ्या प्रमाणावर उडुपी-मंगळूरकडच्या शेट्टी मंडळींनी उभा केला. इडली-डोशाचं हॉटेल चालवण्याची शिस्त त्यांच्याकडे आधीच होती.

मग परमिट आजही लागतं का?

हो. १९४९ चा कायदा आजही लागू आहे, फक्त नावातलं ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आलं. कागदोपत्री महाराष्ट्रात आजही दारूबंदी आहे आणि परमिट ही तिच्यातली सूट आहे.

विदेशी मद्याचं एक दिवसाचं परमिट ५ रुपयांचं, वर्षाचं १०० रुपयांचं आणि आजीवन १,००० रुपयांचं. बारमध्ये ते सहसा कुणी मागत नाही, कारण एक दिवसाच्या परमिटची पुस्तकं बारकडेच असतात. पण घरी बाटली ठेवणार असाल किंवा गाडीतून नेणार असाल, तर स्वतःचं परमिट असलेलं बरं. ते राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून ऑनलाइनही काढता येतं.

वयाची अटही बऱ्याच जणांना माहीत नसते. महाराष्ट्रात बीअर आणि वाइनसाठी २१ वर्षं, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत तर आजही दारूबंदी आहे. चंद्रपूरमध्ये ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली.

क्वार्टर, निप, पेग : मापाचा हिशोब

- लहान पेग : ३० मिली
- मोठा पेग : ६० मिली
- निप : ९० मिली
- क्वार्टर : १८० मिली
- फुल : ७५० मिली

म्हणजे एका क्वार्टरमध्ये तीन मोठे पेग. मग सरळ पेगच का मागवू नये? कारण विश्वास. पेग काउंटरवर भरला जातो. बाटली कुठली आणि माप किती, हे तुम्हाला दिसत नाही. क्वार्टर सीलबंद येते आणि तुमच्यासमोर उघडली जाते. ज्याचा महिन्याचा पगार मोजका आहे, त्याला पैशाचं पूर्ण माप डोळ्यांसमोर हवं असतं. क्वार्टरच्या लोकप्रियतेचं एक मोठं कारण हे आहे. म्हणून सील तुटलेली क्वार्टर टेबलावर आली तर ती परत करा.

चखणा ते दाल खिचडी

चखण्याचे दोन प्रकार. एक फुकटचा : उकडलेले शेंगदाणे किंवा चणे, फरसाण, काकडीच्या चार फोडी. मीठ-मसाला सढळ असतो, कारण तहान लागली की पुढची ऑर्डर लवकर येते. दुसरा विकतचा : मसाला पापड, शेंगदाणा मसाला, बोंबील फ्राय, चिकन चिली, लॉलीपॉप, कोळीवाडा. ‘कोळीवाडा’ म्हणजे लाल मसाल्यात घोळवून तळलेली कोळंबी किंवा मासे. फाळणीनंतर सायन कोळीवाड्यात आलेल्या पंजाबी कुटुंबांच्या हातची ही चीज.

जेवण मात्र शेवटी. दाल खिचडी, शेजवान राइस किंवा अंडाकरी-पाव. इथेच बऱ्याच जणांचं चुकतं. तीन पेग रिकाम्या पोटी आणि मग भरपेट जेवण, असा क्रम असतो. पोटात आधी अन्न असेल तर अल्कोहोल रक्तात हळू उतरतं. तेव्हा जेवण आधी किंवा निदान सोबत मागवा.

दीडनंतर काय?

मुंबईत परमिट रूमची वेळ रात्री दीडपर्यंत. त्याआधीच वेटर ‘लास्ट ऑर्डर’ म्हणत फिरतो आणि किचन बंद होतं. जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकारने मुंबईतल्या काही भागांत हॉटेलं आणि दुकानं रात्रभर उघडी ठेवायला परवानगी दिली, पण दारूची वेळ दीडचीच राहिली.

बार बंद झाला की गर्दी सरकते भुर्जी-पावच्या गाडीकडे. कांदा, मिरची, दोन अंडी आणि तव्यावर लोण्यात शेकलेला पाव. कुलाब्यात हेच काम १९४६ पासून ‘बडेमियाँ’चे सीखकबाब करत आलेत.

गोव्यात या सगळ्याचा भाऊ म्हणजे गावातलं ‘तावेर्न’. तिथे क्वार्टरच्या जागी काजूची फेणी आणि उन्हाळ्याच्या हंगामात हुर्राक. पणजीच्या जुन्या वस्तीतला ‘जोसेफ बार’ याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. रात्री खायला गाड्यावरचं रॉस ऑम्लेट : ऑम्लेटवर गरम शाकुतीचा रस्सा आणि सोबत पाव.

बिल कसं वाचायचं?

बारमध्ये क्वार्टरचा दर छापील किमतीपेक्षा जास्त असतो. तो बसण्याचा, सेवेचा दर आहे. एकाच बारमध्ये एसी आणि नॉन-एसीचे दरही वेगळे असू शकतात. आधी मेनू कार्ड बघा.

दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो. परमिट रूममधला हा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. जीएसटी लागतो तो खाण्यावर. सर्व्हिस चार्ज देणं ऐच्छिक आहे. तो बिलात आपोआप लावलेला असेल तर काढायला सांगता येतं.

बार महागला तर कुणाचं काय बिघडतं?

जून २०२५ मध्ये राज्य सरकारने विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. त्यानुसार १८० मिलीच्या किमान किमती ठरल्या : देशी ८० रुपये, धान्यापासून बनणारं ‘महाराष्ट्र मेड लिकर’ १४८, भारतीय बनावटीचं विदेशी मद्य २०५ आणि प्रीमियम विदेशी ३६० रुपये. बारमध्ये यावर बारचा दर आणि व्हॅट. जुलैमध्ये बारमालकांनी याविरोधात राज्यभर बंद पाळला.

दारू महाग झाली की पिणं कमी होतं, असा एक युक्तिवाद आहे आणि तो पोकळ नाही. पण महाराष्ट्राने दुसरी बाजूही पाहिली आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारू पिऊन शंभरहून जास्त माणसं गेली. ती बहुतेक रोजंदारीवर राबणारी होती. त्या दारूत मिथेनॉल होतं. मिथेनॉलला वेगळा रंग नसतो आणि पिताना त्याचा काही पत्ता लागत नाही. त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो : उलट्या, पोटदुखी, डोळ्यांपुढे धुकं. अशी लक्षणं दिसली तर ‘हँगओव्हर’ समजून झोपू नका, लगेच मोठं हॉस्पिटल गाठा. वेळेत उपचार मिळाले तर जीव आणि दृष्टी दोन्ही वाचू शकतात.

बारच्या टेबलावरची सीलबंद क्वार्टर आणि अड्ड्यावरची प्लास्टिकची पिशवी यांच्यात हा फरक आहे. पहिली परवडेनाशी झाली की काही माणसं दुसरीकडे वळतात.

अर्थात बार शेजारी असणं सगळ्यांना सुखाचं नसतं. रात्रीचा गोंगाट, रस्त्यावरची भांडणं आणि घरात पोहोचण्याआधीच संपलेला पगार यांची किंमत बाया मोजतात. म्हणून महाराष्ट्रात महिलांना मतदानाने दारूची दुकानं बंद करण्याचा मार्ग दिलेला आहे. मतपत्रिकेवर दोन चिन्हं : ‘उभी बाटली’ म्हणजे चालू राहू दे, ‘आडवी बाटली’ म्हणजे बंद करा. अनेक गावांनी बाटली आडवी केली आहे.

बसण्याआधी हे ठरवा

एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच पचवतं. म्हणजे पूर्ण क्वार्टर उतरायला सहा ते साडेआठ तास. रात्री एकला उठलात तर सकाळी सातला बाइक काढतानाही रक्तात अल्कोहोल असू शकतं. लिंबूपाणी, कॉफी, अंघोळ यांनी तरतरी येते, अल्कोहोल कमी होत नाही.

कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्यांदा पकडलं गेल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे की दारूचं कुठलंच प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. तेव्हा ‘एकच क्वार्टर’ हे वाक्य जरा जपून.

आणि ग्रुपमध्ये एक जण नेहमी असतो, जो पीत नाही पण चखण्यावर ताव मारतो. त्याच्या बिलावरून कुरकुर करू नका. गाडीची किल्ली त्याच्याच खिशात असते.