वर्तनवाद आणि कळव्याचा ‘ळ’

माणूस व इतर प्राणी शिकतात कसे, हा प्रश्न भाषाभ्यासकाला परका नाही. लेओनार्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ च्या आपल्या ‘लँग्वेज’ या ग्रंथात भाषाव्यवहाराचे विवेचन चेतक व प्रतिसाद यांच्या साखळीवर उभारले. आणि १९५४ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भरू लागलेल्या भाषाविज्ञानाच्या वर्गांतून त्यांच्या परंपरेतील पद्धती आपल्याकडे रूढ झाली. मराठीच्या अभ्यासात वर्तनवाद शिरला तो असा आडवाटेने.

त्याचे मूळ मात्र १८९८ मधील एका पेटीत आहे. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी उपाशी मांजर पेटीत कोंडले. खटका ओढला की दार उघडे व अन्न मिळे. प्रयत्नागणिक मांजराला लागणारा वेळ घटत गेला. यावरून निघालेल्या ‘परिणामाच्या नियमा’ला दोन बाजू होत्या: सुखद परिणामाने कृती दृढ होते, त्रासदायक परिणामाने क्षीण होते. शाळामास्तरांची छडी दुसऱ्या बाजूवर विसंबून होती, जरी त्यांनी थॉर्नडाइक वाचला नसला तरी!

हीच दुसरी बाजू थॉर्नडाइक यांनी १९३२ मध्ये मागे घेतली. त्यांनी लोकांना स्पॅनिश शब्दांचे अर्थ पाच पर्यायांतून निवडावयास लावले. ‘बरोबर’ म्हटल्याने उत्तर दृढ होई. ‘चूक’ म्हटल्याने ते पुन्हा येण्याचे प्रमाण फारसे घटत नसे. १९३८ मध्ये स्किनर यांना उंदरांत असेच आढळले: दांडी दाबताच पंजावर फटका बसला की दाबणे मंदावे, पण फटके थांबल्यावर ती तूट भरून निघे. शिक्षा सर्वथा निष्फळ होय, हे टोक पुढील संशोधनाने मान्य केले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

आता ठाण्याच्या खाडीपलीकडील कळव्याकडे वळू. येथील आगरी बोलीत ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो. ‘डोळा’ हा ‘डोला’ होतो, खुद्द गावही ‘कलवा’. वर्गात या ‘ल’ला ‘चूक’ म्हटल्याने तो जात नाही. घरी त्याला प्रत्येक वाक्यागणिक प्रतिसाद मिळतच असतो. वर्गात दबते ते बहुधा मुलाचे बोलणेच. वर्तनवाद गंभीरपणे घ्यावयाचा तर मास्तरांनी ‘काल–काळ’, ‘वेल–वेळ’, ‘मूल–मूळ’ या जोड्या आधी कानाला ओळखू द्याव्यात, मग जिभेला. आणि जमलेल्या ‘ळ’ला तत्काळ दाद द्यावी. घरच्या ‘ल’ला हात लावण्याचे कारण नाही.

परंतु उच्चाराच्या सवयीपलीकडे हा सिद्धांत लंगडा पडतो. स्किनर यांच्या १९५७ च्या ‘व्हर्बल बिहेव्हिअर’वर चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये केलेली टीका सुपरिचित आहे, तिचा मराठी दाखला कोणत्याही घरात मिळेल. लहान मूल ‘मी करलं’ म्हणते. हे रूप त्याला घरात ऐकू आलेले नसते व त्याबद्दल कोणी शाबासकीही दिलेली नसते. ‘धरलं’, ‘भरलं’ यांवरून त्याने ते स्वतः घडविलेले असते. पुढे आईने हटकले वा न हटकले, तरी यथाकाल ‘केलं’ त्याची जागा घेते.