उमी-आ-लिलोआ

(सु. पंधरावे–सोळावे शतक). हवाई बेटाचा प्राचीन सत्ताधीश. त्याची माहिती मुख्यतः मौखिक परंपरेतून मिळते. पिता लिलोआ हा वाइपिओ खोऱ्यातून राज्य करणारा सरदार. माता आकाहीकुलेआना मात्र कनिष्ठ कुळातील. होणाऱ्या मुलाची पुढे ओळख पटावी म्हणून लिलोआने तिच्याकडे आपली लंगोटी आणि देवमाशाच्या दाताचा कंठहार ठेवला. हामाकुआ जिल्ह्यात आईकडे वाढलेला उमी या खुणा घेऊन वाइपिओला गेला आणि लिलोआने त्याचा पुत्र म्हणून स्वीकार केला.

लिलोआनंतर सत्ता उच्चकुलीन सावत्र भाऊ हाकाऊ याला, तर युद्धदेवता कूकाइलिमोकूची सेवा उमीला मिळाली. हाकाऊच्या जुलमामुळे उमीला परागंदा व्हावे लागले. पुढे पुरोहितांच्या साहाय्याने त्याने हाकाऊचा वध केला, सर्व जिल्हे जिंकून बेट एकछत्री अमलाखाली आणले व राजधानी कोना किनाऱ्यावर नेली.

सावत्र बहीण कापुकिनी हिच्याशी विवाह करून त्याने वंशाचा दर्जा उंचावला. माउई बेटाचा सत्ताधीश पिइलानी याची कन्या पिइकेआ हीही त्याची पत्नी होती. केआलिइओकालोआ व केआवेनुइ हे त्याचे पुत्र पुढे सत्तेवर आले. हवाई बेटांचे एकीकरण करणारा पहिला कामेहामेहा याच वंशातला. हुआलालाई पर्वताजवळील आहू-आ-उमी हे दगडी देवस्थान उमीच्या नावाने ओळखले जाते.