खडीचा रस्ता

निवृत्त झाल्यापासून आठवड्यातला एक दिवस मी सायकलीला देतो. वेळेत पोचायचं नसतं, कुणी वाट बघत नसतं. धाप लागली की उतरायचं, चढाला सायकल हातात धरून चालायचं. आमचा हा माण नदीकाठचा, म्हसवडकडचा मुलूख. सातारा-पंढरपूर मोठ्या रस्त्यावर आता गाड्यांचा धुरळा, म्हणून मी आमच्या गावावरून राजेवाडीच्या तलावाकडं जाणारा आडवा डांबरी रस्ता धरतो.

परवा मार्गशीर्षात असाच निघालो. शाळू पोटरीत आला होता. एका ओढ्याच्या उतारावर धनगराची मेंढरं आडवी आली. मी पाय टेकून थांबलो.

"गुरुजी, कुठं निघालाय?"

"कुठं न्हाई, हिंडतोय."

"बरं हाय की!" म्हणून तो हसला. रिकामं हिंडणं आमच्याकडं अजून थोडं हसण्यावारीच नेतात. ते खरंही आहे. या रस्त्यावर पूर्वी कुणी हिंडायला म्हणून आलेलं नव्हतं. इथं माणसं पोटासाठी आली होती.

राजेवाडीचा तलाव ब्रिटिश अमदानीतला. १८७६-७७ साली दख्खनवर मोठा दुष्काळ पडला. गुरं मेली, माणसं मेली, गावंच्या गावं उठली. त्यानंतर असल्या कोरडवाहू मुलखात पाणी अडवायची कामं निघाली, त्यातलाच हा तलाव. त्याच्या बांधावर कुणाकुणाचे हात लागले, त्यांची नावं आज कुणाच्या तोंडी नाहीत.

जवळपास शंभर वर्षांनी पुन्हा तीच पाळी आली. १९७२चा पाऊस गेलाच. विहिरींचे तळ उघडे पडले, कडबा मिळेना, बैल मातीमोल भावानं गेले. रेशनला अमेरिकेतनं आलेला तांबडा मिलो मिळायचा, त्याची भाकरी घशाखाली उतरत नसे. कामावर सुकडी वाटायचे. सरकारनं जागोजागी दुष्काळी कामं काढली: पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी फोडणं. मे १९७३मध्ये राज्यभर जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. त्यात माझी आई एक.

आमचा हा रस्ता तेव्हा गाडीवाट होता. माणसांनी मुरूम खणला, बायकांनी पाट्या वाहिल्या. आईकडं खडी फोडायचं काम होतं. जुन्या सायकलच्या ट्यूबचं कडं करून त्यात ती दगड धरायची, म्हणजे कपच्या उडत नसत. तरी एखादी उडायचीच. तिच्या डाव्या भुवईवर व्रण होता. संध्याकाळी मुकादम ढीग मोजायचा. ढीग त्याच्या मापात बसला नाही तर दिवसाची मजुरी कापली जायची, आणि त्याचं माप रोज थोडं मोठं व्हायचं, असं बाया म्हणायच्या. हजेरीपटावर आई अंगठा उठवायची.

मी तेव्हा सातवीत होतो. स्कॉलरशिपच्या परीक्षेला गुरुजी मला सायकलवर म्हसवडला घेऊन निघाले. मी कॅरिअरवर बसलेलो, अंगात धुतलेला सदरा. कामाजवळ आलो तशी एका बाईनं हातोडा खाली ठेवून हात उंच केला. तोंडाला फडकं, डोक्यापासून पायापर्यंत धूळ.

"कोण रे ती? हात करतेय बघ," गुरुजी म्हणाले.

"कुणी न्हाई, गावातली हाय."

सायकल पुढं गेली. रात्री आईनं एवढंच विचारलं, "पेपर सोपा गेला का?" हात केल्याचं तिनं काढलं नाही. मीही काढलं नाही. पुढं ती वीस वर्षं होती, तरी काढलं नाही.

त्या दुष्काळातनं एक मोठी गोष्ट उभी राहिली. वि. स. पागे यांनी पुढं नेलेला रोजगार हमीचा विचार १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. काम मागेल त्याला काम देणं राज्यावर बंधनकारक झालं. देशपातळीवरचा कायदा यायला २००५ उजाडलं. शाळेत मी हे पोरांना कैक वर्षं शिकवलं, सालं पाठ करून घेतली. पण या हमीच्या मागं खडी फोडणाऱ्या बाया होत्या, आणि त्यातली एक माझी आई, हे वर्गात कधी तोंडातनं निघालं नाही.

परवा मी त्याच जागी थांबलो. डांबर कडेला उखडलंय आणि खालची जुनी खडी वर आलीय, हातानं फोडलेली, एकीसारखी दुसरी नाही. मी एक खडा उचलून बघत होतो, तेवढ्यात शाळेच्या दोन पोरी सायकलवरून आल्या.

"आजोबा, पंक्चर झाली का?"

"न्हाई गं. ही खडी माझ्या आईनं फोडलीय, ती बघतोय."

धाकटीनं पार वळणापर्यंत रस्ता बघितला. "सगळी?"

"सगळी न्हाई. इथली, एवढी."

ती सायकलवरून उतरली. त्या तुकड्यावरनं सायकल हातात धरून चालत गेली, आणि पुढं जाऊन पुन्हा बसली.