सातबारा एकाचा, वहिवाट दुसऱ्याची

फौजेत राहून गावची जमीन सांभाळणाऱ्याला दोन शब्द पाठ असतात: सातबारा आणि वहिवाट. कागदावर नाव एकाचं, शेतात नांगर दुसऱ्याचा. माझी नोकरी सिग्नल्समध्ये झाली. संगणकाच्या जाळ्यातही हाच वाद वर्षानुवर्षं चालत आलाय, हे मला तिथे कळलं. तिथली जमीन म्हणजे पोर्ट क्रमांक.

संगणकाचा पत्ता ही बराक धरली, तर पोर्ट म्हणजे तिच्यातली खोली. मेल एका खोलीत, वेबसाइट दुसऱ्या. एकूण खोल्या ६५,५३६. भेटायला येणाऱ्याला खोलीचा क्रमांक आधीच ठाऊक हवा, म्हणून कुणीतरी नोंदवही ठेवायला हवी.

मे १९७२ मध्ये जॉन पोस्टेल या तरुण संशोधकाने आरएफसी ३४९ या टिपणात हेच सुचवलं: क्रमांक वाटणारा एकच माणूस असावा. तो मीच होऊ का, असंही त्याने कंसात हळूच विचारलं. झालाही तोच. ऑक्टोबर १९९८ मध्ये वारला, तोवर या कामाची सूत्रं त्याच्याकडेच होती. हे काम करणाऱ्या व्यवस्थेला ‘आयाना’ म्हणतात.

या तलाठ्याकडे दंडुका मात्र नव्हता. १०२४ च्या खालचे क्रमांक युनिक्स यंत्रणा सामान्य वापरकर्त्याला घेऊ देत नाही. त्याच्या वरचा मोकळा क्रमांक कुठलाही प्रोग्रॅम बळकावू शकतो. शिस्त पाळायची ती आपणहून.

ती पाळणारे होते. १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युलोनेनने एसएसएच हा सुरक्षित दुवा तयार केला. एफटीपी २१ वर, टेलनेट २३ वर, मधला २२ रिकामा. त्याने तो परस्पर घेतला नाही. रीतसर मेल लिहून मागितला. दुसऱ्याच दिवशी मंजुरी आली. जगभरचे सर्व्हर आजही त्याच दारातून सांभाळले जातात.

रेडियसची गोष्ट उलटी. आत येणाऱ्याचं नाव आणि पासवर्ड तपासणारी ही व्यवस्था, म्हणजे गेटवरचा संत्रीच. सुरुवातीला ती १६४५ वर बसली, आणि तो क्रमांक ‘डेटामेट्रिक्स’ नावाच्या दुसऱ्याच सेवेचा होता. पास तपासणाराच दुसऱ्याच्या खोलीत! पुढे रेडियसला १८१२ हा अधिकृत क्रमांक मिळाला, पण जुनी उपकरणं हलली नाहीत. म्हणून आजही कित्येक सर्व्हर दोन्ही क्रमांकांवर कान लावून असतात. एकाची घाई, दुसऱ्यांना कायमची डबल ड्युटी.

लिनक्समध्ये व्हीएक्सलॅन आलं २०१२ साली, अधिकृत क्रमांक मिळण्याआधीच. तेव्हा ८४७२ धरला. नंतर ४७८९ मिळाला, तरी आधीच्या वापरकर्त्यांची अडचण नको म्हणून लिनक्सने मूळ ८४७२ च कायम ठेवला.

२०११ च्या आरएफसी ६३३५ ने हद्दी स्पष्ट केल्या. ४९१५२ पासून पुढचं सगळं गायरान: कुणीही तात्पुरतं वापरावं, कुणाच्या नावावर होणार नाही. त्याखालचे रिकामे क्रमांक मात्र गायरान नव्हेत. ते उद्या मागायला येणाऱ्यासाठी राखलेले आहेत. आज गुपचूप बसणारा त्या उद्याच्या माणसाची जागा खातो, आणि तो माणूस तक्रार करायला अजून आलेलाच नसतो.

वहिवाट जिंकतेही. सुरक्षित मेलसाठी ४६५ हा क्रमांक १९९७ मध्ये नोंदवला गेला, लगेच काढून घेतला गेला आणि पुढे दुसऱ्या सेवेला दिला गेला. मेलवाले उठलेच नाहीत. अखेर २०१८ च्या आरएफसी ८३१४ ने अपवाद म्हणून त्यांचा वापर मान्य केला. आज नोंदवहीत ४६५ समोर दोन नावं आहेत.

म्हणून पहाऱ्यावरच्या नव्या पोरांना मी एवढंच सांगतो: क्रमांक ही दारावरची पाटी आहे, ओळखपत्र नव्हे. फायरवॉलमध्ये १६४५ उघडलात, तर आत कोण बसलंय ते जाऊन बघा. आणि स्वतः प्रोग्रॅम लिहिलात, तर क्रमांक मागून घ्या. अर्जाला पैसे पडत नाहीत.

जय हिंद.