तालुका कोणाचा? कागलच्या कारभाराचा मागोवा

दरवर्षी जून महिन्यात प्रवेश-अर्ज तपासताना 'मु. पो.', 'ता.' आणि 'जि.' हे तीन रकाने आमच्या नजरेखालून शेकड्यांनी जातात. गावाचे नाव विद्यार्थी मन लावून लिहितो, जिल्ह्याचे नाव काहीशा अभिमानाने लिहितो. मधला रकाना मात्र तो केवळ भरतो. गावाला ग्रामदैवत असते, जत्रा असते, वेस असते. जिल्ह्याला इतिहास असतो. तालुक्याला काय असते? कचेरी असते, एस.टी.चे स्थानक असते आणि बाजाराचा दिवस असतो. एवढ्यावर एखादा प्रदेश 'आपला' होतो का, हा प्रश्न आम्हाला बरीच वर्षे छळत आला आहे. कागल तालुक्याच्या निमित्ताने त्याचा थोडा मागोवा येथे घेत आहोत.

प्रारंभ शब्दांपासून करू. 'तालुका' हा शब्द अरबीतील 'तअल्लुक' म्हणजे 'संबंध' या शब्दाच्या कुळातला आहे. 'तहसील' म्हणजे वसुली. 'जहागीर' हा फारसी शब्द जागा धरून ठेवणे या अर्थाचा. आपल्या कारभाराच्या परिभाषेत प्रदेशाची ओळख पटते ती अशी: कोणी धरून ठेवलेला, कोणी वसूल केलेला, कोणाशी तरी संबंध असलेला. ज्या माणसांची ती भूमी आहे त्यांच्याकडून आलेला एकही शब्द या मालिकेत नाही. कागलचा इतिहास हा एका अर्थी या तीन शब्दांचाच इतिहास आहे.

भूगोल मात्र या शब्दांच्या आधीपासूनचा आहे. कोल्हापूरहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, शहर मागे टाकून सुमारे वीस किलोमीटरच्या आत कागल लागते, आणि आणखी थोडे पुढे गेले की कोगनोळीच्या नाक्याशी कर्नाटक सुरू होते. तालुक्याची खरी रचना रस्त्याने केलेली नाही. ती तीन नद्यांनी केली आहे. राधानगरीकडून दूधगंगा येते, भुदरगडातून वेदगंगा येते, आजऱ्याच्या बाजूने चिकोत्रा येते. चिकोत्रा वेदगंगेला मिळते, वेदगंगा पुढे कर्नाटकाच्या हद्दीत भोजजवळ दूधगंगेला, आणि दूधगंगा कृष्णेला. तिन्ही नद्यांचे उगम तालुक्याबाहेर आणि शेवटही तालुक्याबाहेर. पश्चिमेकडे पाऊस भरपूर, पूर्वेकडे तो उणावत जातो. दूधगंगा-वेदगंगेचे काठ हिरवेगार, तर चिकोत्रेच्या खोऱ्यातील शेतकऱ्याला झुलपेवाडीचा प्रकल्प होईपर्यंत उन्हाळ्याची धास्ती. एकाच तालुक्यात पाण्याचे असे तीन स्वभाव नांदतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. लेखाच्या शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

आता जहागिरीकडे वळू. घाटगे घराण्याची सरदारकी आदिलशाहीतील. 'सर्जेराव' आणि 'वजारतमाब' हे कागलकरांचे किताब त्याच काळाची आठवण सांगतात. पुढे कोल्हापूरच्या छत्रपतींच्या राज्यात कागलची थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन जहागिरी झाल्या. तालुक्याच्या दक्षिणेस कापशीला सेनापती घोरपड्यांची तिसरी जहागीर. 'सेनापती कापशी' हे गावाचे नाव त्यावरूनच. आज आपण ज्याला एक तालुका म्हणतो त्याच्या पोटात अशा किमान तीन वेगळ्या सत्तांच्या सीमा पुरलेल्या आहेत. विशाळगड, बावडा, इचलकरंजी यांच्याप्रमाणेच या जहागिरदारांवरही एकोणिसाव्या शतकात दुहेरी छत्र होते: वर कोल्हापूरचा दरबार आणि त्याच्याही वर इंग्रजांचा पोलिटिकल एजंट. रयतेच्या दृष्टीने पाहिले तर शेतसारा एकाचा, हुकूम दुसऱ्याचा आणि अखेरचा शब्द तिसऱ्याचा.

या लहानशा प्रदेशाने इतर प्रदेशांना राज्यकर्ते मात्र पुरवले. कागलकर घाटग्यांची लेक बायजाबाई दौलतराव शिंद्यांना दिली गेली आणि दौलतरावांच्या निधनानंतर १८२७ ते १८३३ या काळात ग्वाल्हेरचा कारभार तिने पाहिला. थोरल्या पातीचे जयसिंगराव आबासाहेब घाटगे यांचे पुत्र यशवंतराव यांचा जन्म २६ जून १८७४ चा. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. वडिलांचे नाव कागलचा जयसिंगराव तलाव आजही सांगतो. येथे एक विसंगती आम्हाला जाणवते. कागलने राज्यकर्ते दिले, पण कागलच्या रयतेचा राज्य करण्याशी संबंध यायला आणखी पाऊण शतक जावे लागले.

त्या पाऊण शतकातील एक घटना आम्ही निर्णायक मानतो. २६ जुलै १९०२ च्या आरक्षणाच्या जाहीरनाम्याची चर्चा नेहमी होते आणि ती व्हावीच. त्या मानाने १९१८ साली संस्थानातील कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमण्याचा जो निर्णय शाहू महाराजांनी घेतला, त्याच्याकडे कमी लक्ष जाते. गावाचे दप्तर ज्याच्या घरात, गाव त्याच्या मुठीत, अशी शतकानुशतकांची स्थिती होती. ते दप्तर घरातून उचलून चावडीत आणणे म्हणजे 'धरून ठेवलेल्या' जागेचे पहिल्यांदा 'कार्यालय' होणे होय. वतनदार जाऊन नोकर आला. तो नोकर सरकारचा होता, गावाचा नव्हता, ही त्या सुधारणेची मर्यादा. पण आडनावाने मिळणारी सत्ता नेमणुकीने मिळू लागली, ही तिची थोरवी.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. जहागिरी आणि दरबारची गावे एका महसुली साच्यात आली, मामलेदार आला. याच तारखेने आणखी एक गोष्ट केली, जी आज कोणाच्या स्मरणात नाही. तोवर कागल आणि निपाणी यांच्यामध्ये संस्थान आणि इंग्रजी मुलूख यांची सीमा होती, कारण निपाणी बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात. विलीनीकरणाने ती सीमा पुसली. दोन्ही गावे एकाच राज्यात आली. मग १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, निपाणी म्हैसूर राज्यात गेली आणि जवळपास त्याच जुन्या रेषेवर नवी सीमा उभी राहिली. ही दोन शेजारगावे एका राज्यात नांदली ती अवघी सात वर्षे आणि आठ महिने. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालाने किंवा २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याने ही रेषा आजवर हललेली नाही. भाषेच्या नावाने झालेल्या पुनर्रचनेत मराठी गावांच्या मधून रेषा गेली, आणि ती आखणारा हात जुन्या जहागिरींच्या हद्दीवरून फिरला, हा इतिहासाचा उपहासच म्हणावा लागेल. सोयरीक आणि बाजार या रेषेला आजही जुमानत नाहीत. दाखल्यांना मात्र ती जुमानावी लागते.

मामलेदार आला म्हणून कुळाचे दैन्य संपले नाही. ते कसे होते हे जाणून घेण्यासाठी आम्ही विद्यार्थ्यांना गॅझेटियरकडे पाठवत नाही. आनंद यादवांच्या 'झोंबी'कडे पाठवतो. यादवांचा जन्म १९३५ साली कागलचाच. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या घरातील मुलाने शाळेसाठी बापाशी, दारिद्र्याशी आणि गावाच्या रचनेशी घेतलेली झोंबी १९८७ साली पुस्तकरूपाने आली आणि १९९० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. साहित्यकृती म्हणून तिची थोरवी आहेच. पण विलीनीकरणाच्या आसपासच्या कागलचे असे आतून केलेले दर्शन दुसरीकडे दुर्मीळ आहे. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा 'कृषक दिन' या तारखा अभ्यासक्रमात येतात. त्या तारखांच्या अलीकडे आणि पलीकडे कोण उभे होते, हे 'झोंबी' वाचल्यावर कळते.

लोकांच्या कारभाराचा अध्याय त्यानंतर सुरू झाला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात त्रिस्तरीय पंचायतराज आले. कागललाही पंचायत समिती मिळाली, सभापती मिळाला. येथे क्षणभर दूरच्या एका देशाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. अनेक ग्रामीण काउंट्या लोकसंख्येने आपल्या एखाद्या मोठ्या गावाएवढ्याच. पश्चिमेकडील कित्येकांच्या सीमा तर मूळ रहिवाशांकडून घेतलेल्या भूमीवर पट्टीने आखलेल्या. परंतु तेथे काउंटीचे मंडळ निवडलेले असते, ते मालमत्तेवर कर बसवते आणि बहुतेक ठिकाणी शेरीफ, म्हणजे पोलिसांचा प्रमुखसुद्धा, मतदार निवडतात. ही व्यवस्था निर्दोष नव्हती. दक्षिणेकडील काउंट्यांत १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत कृष्णवर्णीयांना मतपेटीपासून दूर ठेवण्याचे काम याच स्थानिक अधिकाऱ्यांनी केले. तरीही एक भेद स्पष्ट आहे. तेथील काउंटीच्या मुख्य गावातला कारभारी मतदारांनी बसवलेला असतो. आपल्या तालुक्याच्या गावी तहसीलदार राज्याने नेमलेला, फौजदार राज्याने नेमलेला, गटविकास अधिकारीही राज्याने पाठवलेला. निवडून आलेली पंचायत समिती या सर्वांच्या शेजारी बसते. त्यांच्या वर नव्हे. महाराष्ट्राने बळ दिले ते जिल्हा परिषदेला. पुढे चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात, २०१५ ते २०२० मध्ये, केंद्राचे अनुदान थेट ग्रामपंचायतींकडे गेले आणि पंचायत समितीच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. तालुका पुन्हा मधला रकानाच राहिला.

मग कागलला 'राजकारणाचे विद्यापीठ' म्हणण्याची रीत कशी पडली? ज्या प्रदेशाच्या सभागृहात सत्ता नाही, तेथे एवढे राजकारण कशावर पोसले? याचे उत्तर सहकारात आहे. बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा कारखाना, विक्रमसिंह घाटगे यांनी उभारलेला कागलचा शाहू कारखाना, सदाशिवराव मंडलिकांचा हमीदवाड्याचा कारखाना, शिवाय गावोगावच्या दूध आणि सेवा संस्था. उसाचा दर, तोडणीची पाळी, कर्ज, दुधाची फॅट, मुलाची नोकरी हे सगळे जेथे ठरते ते खरे तालुक्याचे शासन. घाटगे आणि मंडलिक यांची झुंज महाराष्ट्राने अनेक वर्षे पाहिली. दोघेही २०१५ साली काही आठवड्यांच्या अंतराने गेले. जहागिरदारांच्या घराण्यातील माणसाला सभासदांच्या दारात मत मागायला जावे लागले, हे लोकशाहीचे यश आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पण सभासद म्हणजे नागरिक नव्हे. ज्याच्या नावावर ऊस नाही, शेअर नाही, अशा भूमिहीनाला आणि बहुसंख्य स्त्रियांना या शासनात मत नाही.

२०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास होती. कागल शहर चौतीस हजारांच्या घरात, मुरगूड त्याहून बरेच लहान. म्हणजे सहा माणसांतली जवळजवळ पाच गावांत राहणारी. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीमुळे हे प्रमाण बदलत असणार. परंतु २०२१ ला व्हायची जनगणना झाली नाही, त्यामुळे नियोजनाचे कागद दीर्घकाळ २०११ च्या माणसांसाठीच केले गेले.

आता पाण्याकडे परत येऊ. इचलकरंजी शहराला कागल तालुक्यातील सुळकुड येथून दूधगंगेचे पाणी देण्याची योजना मंजूर झाली, आणि २०२३ साली त्यावरून दोन्हीकडे आंदोलने पेटली. शहराला पिण्याचे पाणी हवे, ही मागणी न्याय्य. काठावरच्या शेतकऱ्याची भीतीही खोटी नव्हे. दूधगंगा प्रकल्प आंतरराज्य, त्यात कर्नाटकाचाही वाटा. हा तंटा कोठे बसून सोडवायचा? कागल पंचायत समितीला नदीवर अधिकार नाही. कारखान्याला नाही. विधानसभा मतदारसंघ गडहिंग्लज आणि आजऱ्याच्या काही भागांत पसरलेला, आणि नदी तिसऱ्याच दिशेने वाहणारी. म्हणून प्रश्न मोर्चात सुरू होतो आणि मंत्रालयात अडतो. कोल्हापूर दरबाराच्या दोन जुन्या जहागिरी आज पाण्यासाठी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि दाद मागायला पुन्हा वरच पाहू लागल्या.

त्याच सुमारास, मार्च २०२२ मध्ये, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची मुदत संपली होती. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही. कारभार प्रशासकांनी पाहिला. आम्हाला सर्वाधिक अस्वस्थ केले ते या काळातल्या शांततेने. कारखान्याची निवडणूक वर्षभर लांबली असती तर गावोगावच्या पारांवर दुसरा विषय निघाला नसता. पंचायत समिती तीन वर्षे रिकामी राहिली आणि तिची उणीव फारशी कोणाला भासली नाही. जी संस्था नसल्याचे कळत नाही, ती असताना तिच्याकडे काय होते, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

वतनदाराच्या घरातून दप्तर चावडीत यायला १९१८ उजाडावे लागले. चावडीतला कारभार लोकांच्या हाती जाण्याचा टप्पा आपण कागदावर १९६२ सालीच ओलांडला. प्रत्यक्षात तो ओलांडायचा असेल, तर पाणी, जमीन आणि पैसा यांपैकी निदान एका गोष्टीवर तालुक्याच्या सभागृहाचा शब्द चालला पाहिजे. तोवर 'तालुका' या शब्दातील संबंध सरकारचा आणि कारखान्याचाच राहील. आणि जून महिन्यात आमच्यासमोर येणारा विद्यार्थी तो मधला रकाना असाच, नाव आठवत नसल्यासारखा, घाईघाईने भरत राहील.